छप्पर उतरवलेली हेराल्डही वारसाच आहे

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

विंटेज गाड्यांसाठी आपल्या मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. सोय मोठी झाली, त्याबद्दल मनापासून आभार. अडचण एका अटीची आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. काल कापलेली गाडी वारसा म्हणून खपू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण साठ-सत्तरच्या दशकात बदललेली गाडीही या अटीमुळे बाहेर राहते.

मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मोटार घ्या. मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने आखलेली मूळची ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली आणि १९६१ पासून आपल्याकडे बनू लागली. तिची बॉडी चासीवर बोल्टने बसते आणि छप्परही बोल्टनेच. त्यामुळे दोन दारांच्या हेराल्डचे छप्पर उतरवून तिची उघडी स्पोर्ट्स गाडी करणे हे पान्याचे काम होते, कटरचे नव्हे. ही खुबी मुळातल्या रचनेतच आहे. तरीही आज ‘मूळ रूप’ दाखवायचे तर मालकाला दुसऱ्या गाडीचे छप्पर शोधून बसवावे लागेल आणि पन्नास वर्षांपूर्वीची कारागिरी आपल्याच हाताने पुसावी लागेल.

बदल जुना की नवा, हे ओळखता येते. विंडस्क्रीनच्या चौकटीवर छपराच्या बोल्टची भोके बुजवलेली असतात. तिथे नाण्याएवढा रंग आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने हळूहळू घासला की थर एकेक उघडे पडतात. खाली पितळेचे ब्रेझिंग (पितळ वितळवून केलेला जोड) किंवा शिशाचा भराव आणि त्यावर रंगाचे तीन-चार हात निघाले, तर काम जुने. पॉलिएस्टर पुटी आणि सीओटू (गॅस) वेल्डिंगचा मणी, म्हणजे जोडावरचा उंचवटा, दिसला, तर बहुधा अलीकडचे. हेराल्डचे बोल्ट इंची आट्यांचे. जोडात मिलिमीटरचे बोल्ट निघाले तर संशय घ्यावा. एवढ्यावर निकाल देऊ नये. जुने फोटो, विम्याचे कागद आणि आरसी बुकातली नोंद ताडून पाहावी.

दुरुस्तीत गाड्या बिघडतात त्या घाईमुळे. हेराल्डची बॉडी पुढचा आणि मागचा असे दोन भाग मधोमध जोडून झालेली असते. छप्पर नसताना दारांच्या जागी आडवे अँगल न लावता ती चासीवरून उचलली, तर त्या जोडावर दुमडते आणि नंतर दारे कधीच नीट बसत नाहीत. आधी दारांच्या फटी आणि कर्णांची मापे लिहून ठेवायची, मगच बोल्ट सोडायचे. चासीला बाजूने फुटलेले हात गंजतात. ते मूळ जाडीच्याच पत्र्याचे करून एका वेळी एकच बदलावेत, नाहीतर चासी पिळते. चासी नंबरावर ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग मुळीच नको. पुसट नंबरापायी चांगली गाडी कागदावर बेवारस होते.

सुरक्षेचा आग्रह आपण जरूर धरा. पुढच्या चाकांचे पितळी ट्रुनियन, म्हणजे चाक ज्यावर वळते तो खालचा आट्यांचा सांधा, तपासायला सांगा. त्यात ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑइल लागते. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचते, चाक धरणारा उभा लिंक आट्यापाशी गंजून तुटतो आणि चाक आडवे पडते. मागच्या आडव्या पाट्याच्या स्प्रिंगची स्थितीही बघावी, कारण या रचनेत जोरात वळताना मागचे चाक आत दुमडू शकते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फुगतात, चिरतात. त्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या तर त्याला ‘फेरबदल’ म्हणू नये.

‘फिवा’ या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत, गाडीच्या स्वतःच्या काळात झालेल्या बदलांना वेगळा वर्ग आहे. आपल्या नियमांतही असा वर्ग घाला, एवढीच मागणी. मूळ चासी आणि तिचा नंबर शाबूत, बदल किमान ३० वर्षांपूर्वीचा, त्याचा पुरावा मालकाने द्यायचा आणि ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शनची तपासणी सक्तीची. या अटी कडक आहेत. आम्हाला त्या तशाच हव्यात.

मसुदा करण्याआधी तपासणी अधिकाऱ्यांना बॉडी उतरवलेली एक हेराल्ड प्रत्यक्ष दाखवावी. लागतील ते पाने, जॅक आणि माणसे आम्ही देऊ.

आपले विश्वासू,
जुन्या गाड्यांचे काम करणारे मिस्त्री आणि मालक