साल कोणत्या झाडाची, हे आधी ठरावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका विद्यापीठात एम.एस्सी. करणारी माझी जुनी विद्यार्थिनी प्रकल्पाची वही घेऊन कोल्हापुरात माझ्या घरी आली. अशोकाच्या सालीवर तिने दोन महिने काम केले होते. सॉक्सलेट या अर्क काढण्याच्या उपकरणातून काढलेले अर्क, त्यांच्या चाचण्या, आलेख, सारे नीटनेटके होते. साल कोणत्या झाडाची, असे विचारताच ती म्हणाली, "मॅडम, काष्ठौषधींच्या दुकानातून भुकटीच आणली होती." औषधी असलेला सीतेचा अशोक शिंबी कुळातला, तर रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारा आसोपालव सीताफळाच्या कुळातला, तरीही बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची भेसळ होते, हे जुनेच दुखणे आहे. तिच्या कष्टांत कसूर नव्हती, पण निष्कर्ष कोणत्या झाडाला लावायचे, हे आम्हा दोघींनाही सांगता येईना, आणि याचे मला फार वाईट वाटले.

ज्या झाडाचा भाग वापरला, त्याचीच पानाफुलांसह एक फांदी वाळवून, ती कोठून व केव्हा घेतली याच्या नोंदीसह विभागाच्या वनस्पतीसंग्रहात ठेवली असती, तर ही वेळ आली नसती. काम साधे आहे, पण चिकाटीचे आहे. पावसाळ्यात नमुन्याभोवतीचे कागद रोज बदलावे लागतात, एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. मग सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर तो शिवून उजव्या कोपऱ्यात नोंदपट्टी लावायची. हल्ली जनुकीय बारकोडने, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून, ओळख पटवता येते हे खरे, मात्र तो ताडून पाहण्यासाठीही जाणकाराने ओळखलेल्या नमुन्याचाच आधार लागतो.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले फुलतात ती पावसाळ्यात व त्यानंतरच्या थोड्या दिवसांत, तर प्रकल्पाचा विषय ठरून मार्गदर्शक मिळेपर्यंत माझ्या पाहण्यात बहुधा दिवाळी उलटते. जानेवारीत मुले पठारावर गेली तर त्यांच्या पायाखाली फक्त तापलेला जांभा असतो, आणि कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती तेव्हा जमिनीखाली कंदरूपात निजलेल्या असतात. ही दुर्मीळ कंदीलपुष्पे जपण्याचे मोलाचे काम येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने केले आहे आणि ते पठारे व कडे पायी तुडवूनच झाले आहे, याचा एक कोल्हापूरकर म्हणून मला अभिमान वाटतो. राधानगरी अभयारण्यासह सह्याद्रीतील स्थळे २०१२ साली जागतिक वारसा यादीत आली. इतके समृद्ध रान उशाला असलेल्या मुलांनी भुकटीच्या पुडीवर प्रकल्प उरकावा, हे मनाला पटत नाही.

म्हणून सर्वच विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, की वनस्पतींवरील प्रकल्पाचा विषय जूनअखेर ठरावा आणि संग्रहातील नमुन्याचा क्रमांक नसलेला प्रबंध स्वीकारू नये. संग्रह सांभाळायला पूर्णवेळ माणूसही हवा, कारण किडीने एकदा पोखरलेला नमुना पुन्हा मिळत नाही.

आपली विश्वासू,
वनस्पतीशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कोल्हापूर