पचमढीच्या मुक्कामाविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

बाबा, दिवाळीनंतर पचमढीला जायचे नक्की झाले आहे, फक्त उतरायचे कुठे ते तू ठरव, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मागून आईचा आवाज आला, "रात्री पाठ टेकायला जागा मिळाली की झालं, त्यावर उगाच पैसे घालवू नका." आईचे हे म्हणणे मला पटलेले नाही आणि ते का पटले नाही हे फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

तरुण माणसे डोंगरावर गेली की पहाटे बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर खोलीवर परततात, त्यामुळे त्यांना कुठलीही खोली चालते. तुमचे दिवस तसे जाणार नाहीत. चौरागडच्या डोंगरावरच्या देवळाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बी फॉल या धबधब्याला शेकडो पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, आणि जटाशंकरच्या गुहेकडेही पायऱ्यांनीच खाली जावे लागते. आईच्या गुडघ्यांना यातले काहीच झेपणारे नाही. हांडी खोहची खोल दरी वरूनच पाहायची असते आणि धूपगडाच्या शिखरावर गाडी जाते, म्हणून या दोन ठिकाणी तुम्ही अवश्य जा. पण त्यात फार तर दोन संध्याकाळी जातील. बाकीचा सगळा वेळ तुम्ही जिथे राहाल तिथल्या व्हरांड्यात, अंगणात, जेवणाच्या टेबलाशी आणि आसपासच्या रस्त्यावर जाणार आहे. तुमच्यापुरती मुक्कामाची जागा हीच सहल आहे, असे समजूनच मी शोध घेतला.

बाबांच्या मनात नैनीताल होते, हे मला ठाऊक आहे. नैनीताल २,०८४ मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे उंचीची मला काळजी नव्हती. अडचण उताराची आहे. तिथली घरे आणि हॉटेले तळ्याभोवतीच्या उतारावर एकावर एक अशी रचलेली आहेत. गाडी एका पातळीवर थांबते आणि खोली दुसऱ्याच पातळीवर असते. पचमढी सातपुड्याच्या माथ्यावरच्या पठारावर, सुमारे १,०६७ मीटर उंचीवर वसलेली आहे. गावाच्या चहूबाजूंना दऱ्या आहेत, परंतु गाव स्वतः बरेचसे सपाट आहे. बाबा, नागपुरात अंबाझरीला रोज सकाळी तुम्ही जितके चालता तितके तिथेही सहज चालू शकाल, आणि आईलाही तुमच्याबरोबर निघता येईल. डोंगरावर जाऊन दोघांना एकत्र चालता यावे, ही माझी मुख्य इच्छा आहे.

पचमढीत राहण्याचे मला तीन पर्याय दिसले. बसस्टँड आणि बाजाराजवळची लॉजे स्वस्त आहेत, औषधांचे दुकान आणि चहा हाताशी असतो. पण बहुतेक खोल्या वरच्या मजल्यावर आहेत, जिने अरुंद आहेत आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी गाड्यांची लगबग पहाटेपासून सुरू होते. गावाबाहेरच्या नव्या रिसॉर्टची छायाचित्रे फारच सुंदर आहेत. तिथे शनिवारी-रविवारी नागपूर आणि भोपाळहून मोठमोठे गट येतात, रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, आणि साध्या चहासाठी किंवा औषधाच्या गोळीसाठीही गाडी काढावी लागते. एका रिसॉर्टमध्ये मी लिफ्टची चौकशी केली तेव्हा "आहे ना, मॅडम" असे उत्तर मिळाले; पुढे आणखी विचारल्यावर कळले की लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच आधी अकरा पायऱ्या चढाव्या लागतात.

तिसरा पर्याय कँटोन्मेंटच्या बाजूच्या जुन्या बंगल्यांचा आहे, आणि माझे मन तिथेच बसले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती त्या काळात उन्हाळा सुरू झाला की सरकारी कारभार पचमढीला हलत असे. हे बंगले त्याबरोबर येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी उभे राहिले. दोन रात्रींच्या पाहुण्यांसाठी ते बांधलेले नव्हते, कुटुंबासह महिनोन्‌महिने राहण्यासाठी बांधलेले होते, आणि तो फरक आजही जाणवतो: घर एकमजली, पुढे रुंद व्हरांडा, छत उंच, अंगण मोठे आणि शेजारचे घर लांब. कामठीच्या कँटोन्मेंटमधून जाताना जुन्या झाडांखालचे रस्ते जसे शांत लागतात, तशीच ही वस्ती आहे. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळ अशा काही वास्तूंमध्ये निवासस्थाने चालवते. रॉक एंड मॅनर आणि ग्लेन व्ह्यू ही त्यांतली नावे तुम्ही ऐकली असतील. खासगी मालकांनी राखलेलेही काही बंगले आहेत.

जुन्या घरांचे तोटेही तुमच्यापासून लपवत नाही. जाड दगडी भिंती आणि उंच छतामुळे या खोल्या हिवाळ्यात लवकर तापत नाहीत. नागपूरची थंडी तुम्हाला नवी नाही, पण पचमढी आपल्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच आहे आणि डिसेंबर-जानेवारीत मध्य प्रदेशातल्या सर्वांत थंड ठिकाणांमध्ये तिचे नाव अनेकदा येते. आईला पहाटे सांधे आखडण्याचा त्रास आहे, म्हणून उत्तरेकडच्या खोल्या मी सरळ वगळल्या. पूर्वेला व्हरांडा असलेली खोली मागितली आहे, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर खुर्ची उन्हात ओढता येईल. दरीचा देखावा दिसणाऱ्या खोलीचे भाडे बरेच जास्त आहे. पण तिथे ऊन दुपारीच येते, आणि माझ्या मते तुम्हाला देखाव्याहून सकाळच्या उन्हाचा उपयोग अधिक होईल.

खोली पसंत करण्यापूर्वी मी फोनवर जे विचारत होते ते तुम्हालाही सांगून ठेवते, कारण पुढे कधी तुम्ही स्वतः कुठे जायचे ठरवलेत तर ते उपयोगी पडेल. गाडी जिथे थांबते तिथपासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का, हा माझा पहिला प्रश्न असे. प्रतापनगरच्या आपल्या घराच्या तीन पायऱ्याही आई कठडा धरूनच चढते, मग अनोळखी जागी अंधारात काय होईल याचा विचार आधीच करायला हवा. त्यानंतर न्हाणीघर. कमोड आहे का, खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये उंबरा किती उंच आहे, फरशी ओली झाल्यावर घसरते का, भिंतीला धरायला दांडी आहे का, आणि गरम पाणी दिवसभर मिळते की ठरावीक वेळेतच. परक्या जागी रात्री न्हाणीघराकडे जाताना वयस्क माणसे पडण्याची भीती असते, म्हणून रात्रभर मंद दिवा ठेवण्याची सोयही विचारून घेतली.

जेवणाचा मुद्दा बाबांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या बंगल्यांच्या आवारात भोजनगृह बरेचदा वेगळ्या इमारतीत असते आणि तिथपर्यंतची वाट रात्री अंधारी, कधी चढउताराची असते. बाबा, मधुमेहामुळे तुमची जेवणाची वेळ चुकून चालणार नाही, आणि त्या वाटेवरून आईने रात्री जाऊ नये. म्हणून रात्रीचे जेवण आठच्या आत खोलीवर मिळेल असे मी लेखी कबूल करून घेतले आहे. साधे वरण-भात, पोळी आणि कमी तिखटाची भाजी करून देऊ, असे तिथल्या खानसाम्याने आपणहून सांगितले आणि त्याच्या बोलण्यातली आस्था मला फार आवडली. व्हरांड्यात मात्र फळे किंवा फराळाचा डबा उघडा ठेवू नका. माकडे धीट आहेत.

चारही रात्री एकाच ठिकाणी राहावे, असा माझा आग्रह आहे. परतताना एक रात्र वाटेतल्या तामियाला काढावी अशी दादाची कल्पना होती, पण प्रत्येक नव्या खोलीत स्विच कुठे, पायरी कुठे हे पुन्हा शिकावे लागते, आणि सामानाची बांधाबांध आईच करते. तामियाला चहासाठी थांबून पातालकोटच्या बाजूची दरी पाहावी, तेवढे पुरेसे आहे.

प्रवास दादाच्या गाडीने सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा करा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने गेलात तर इटारसीला गाडी बदलून पिपरिया आणि तिथून पुन्हा पन्नासेक किलोमीटर रस्ता, त्यात फलाटांचे जिने आलेच. सिल्लेवानीच्या घाटात वळणे आहेत, तेव्हा आईने पुढच्या सीटवर बसावे. सौंसरच्या जवळ जामसावळीच्या हनुमानाचे दर्शन घ्यायची आईची जुनी इच्छा आहे, तीही जाता जाता पूर्ण होईल. जंगलातल्या बहुतेक ठिकाणांसाठी वनखात्याचा परवाना आणि तिथली जिप्सी लागते. जिप्सीत चढण्याचा पायठा उंच असतो, म्हणून घरातले छोटे लाकडी स्टूल गाडीत ठेवायला दादाला सांगितले आहे.

सोमवारी निघून शुक्रवारी परत यावे, म्हणजे गर्दीचे दोन्ही दिवस टळतील. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मला योग्य वाटतो; तेव्हा आकाश स्वच्छ असते आणि थंडी सोसण्याजोगी असते. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत तिथे खोल्यांचे भाव चढतात आणि शांतता राहत नाही.

खर्चाविषयी आईने काही बोलू नये, अशी माझी विनंती आहे. लॉजपेक्षा ही खोली महाग आहे, हे खरे. पण माझ्या शाळेच्या प्रत्येक सहलीचे पैसे तुम्ही कसलीही कुरकुर न करता भरलेत आणि स्वतः मात्र लग्नकार्याव्यतिरिक्त कुठे गेला नाहीत, हे मी पाहिलेले आहे. तुम्ही चार दिवस निवांत राहावे, गरम पाण्याने अंघोळ करावी, उन्हात बसून वर्तमानपत्र वाचावे, एवढे मला करू द्या.

बंगल्याच्या व्यवस्थापकांनी पूर्वेकडची खोली येत्या रविवारपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवली आहे. त्याआधी आईच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना प्रवासाविषयी विचारून घ्या, बाबांच्या गोळ्या आठवडाभर पुरतील इतक्या आणून ठेवा, आणि निघण्याचा सोमवार कोणता ते मला कळवा, म्हणजे मी आगाऊ रक्कम भरून पावती दादाच्या फोनवर पाठवते.

तुमची,
मंजिरी