अभिरूप विधानसभा : शनिवारच्या तासाआधी वाचून घ्या

नागरिकशास्त्राच्या सर्व शिक्षक बंधुभगिनींना नमस्कार. येत्या शनिवारी नववीची अभिरूप विधानसभा, म्हणजे वर्गात खेळायची नकली विधानसभा, आहे. भूमिकांची यादी वर्गशिक्षकांनी गुरुवारपर्यंत गटावर टाकावी.

दरवर्षी सगळ्यांना मुख्यमंत्रीच व्हायचं असतं. यंदा अध्यक्ष आधी निवडा, आणि आवाज मोठा म्हणून नव्हे, तर नियम पाठ असलेला विद्यार्थी घ्या. अध्यक्ष पहिल्यांदा मत देत नाहीत. समसमान मतं पडली तरच त्यांचं निर्णायक मत, हे मुलांना मतदान घेऊनच दाखवा. मुद्दाम दहा-दहा मतं पाडा, वर्ग कसा शांत होतो बघा! सभासदांनी बोलताना 'अध्यक्ष महोदय' म्हणूनच सुरुवात करायची, समोरच्या बाकाला थेट 'ए, तू' नाही.

प्रतोदाचं (आपल्या पक्षाच्या आमदारांची हजेरी आणि मतदान सांभाळणाऱ्याचं) काम मुलांना कळत नाही, कारण तो बोलताना फारसा दिसत नाही. त्याला आपल्या पक्षाची हजेरी मोजायला लावा. गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २८८ च्या सभागृहात २९. विरोधी पक्षनेता नुसता घोषणा देणारा नको. त्याच्याकडून एक तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) आणि एक लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लिहून घ्या. विषय शाळेतलाच ठेवा, पाण्याची टाकी चालेल. मंत्र्याने उत्तर तयार करूनच यावं. सचिव आणि प्रतिवेदक (भाषणं टिपून घेणारा) यांना विसरू नका, कामकाज त्यांच्याच वहीत उरतं.

विधानसभेत 'अध्यक्ष', विधान परिषदेत 'सभापती'; फळ्यावर चूक नको. राजदंडासाठी (अध्यक्षांच्या अधिकाराची खूण असलेल्या दंडासाठी) पट्टी चालेल, पण पळवापळवीचा प्रयोग करू नये.