‘व्हिंटेज’च्या व्याख्येत मालट्रक का नाही?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारी आणि फटफट्या हौसेने जतन करणाऱ्यांना केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करून दिला, हे अनेकांना ठाऊक आहे. मात्र त्या नियमातून जुना मालट्रक वगळला गेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. अधिसूचनेच्या ओळीवर बोट ठेवून ती वाचेपर्यंत ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. मालवाहतुकीवर वाढलेल्या सोलापुरातील वाचकांसमोर तरी हा विषय यावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

गेली पाच वर्षे मी शेळगीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये १९६८ सालचा एक फार्गो ट्रक पूर्वस्थितीत आणण्याच्या खटपटीत आहे. अशाच गाडीवर माझ्या वडिलांनी चादरी आणि टॉवेलच्या गाठी कधी मुंबईला, कधी हैदराबादला पोहोचवल्या होत्या, एवढेच या खटपटीचे कारण. गाडी भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतली; सुदैवाने तिचे नोंदणी पुस्तक शाबूत होते. पुढे तिच्यावर जो खर्च झाला तो घरी सांगण्यासारखा नाही. फार्गो बांधणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना १९४४ साली करणारे वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरातच जन्मले होते, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी हा उद्योग उभा केला होता. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या शहरात आहे. परंतु त्यांच्या कारखान्यातला एखादा ट्रक चालू स्थितीत जपून ठेवलेला निदान माझ्या पाहण्यात नाही.

आता नियमाविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील या तरतुदीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क पडते आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. असे वाहन रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संचलन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते बाहेर काढायचे असते. हे सर्व मला पूर्णपणे मान्य आहे. अडचण त्या आधीच्या ओळीत आहे. तेथे ‘एल-१’ आणि ‘एल-२’ या गटांतील दुचाकी आणि ‘एम-१’ गटातील चारचाकी, म्हणजे चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसनांच्या प्रवासी मोटारी, एवढ्याच वाहनांचा समावेश आहे. मालवाहू वाहने ‘एन’ गटात मोडतात आणि त्या गटाचे नावही तेथे नाही. परिणामी माझा फार्गो कागदोपत्री आजही धंद्याचा ट्रक आहे. तो वर्षातून एकदा होम मैदानापर्यंत नेऊन परत आणायचा म्हटले तरी आठ वर्षांपुढील सर्व मालवाहू गाड्यांप्रमाणे त्याचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागणार, शिवाय परवाना, कर आणि विमा हे सर्व एखाद्या भाड्याच्या गाडीसारखे सांभाळावे लागणार. ज्या गाडीत एक गोणीही कधी भरायची नाही, तिला मालवाहतुकीचा परवाना कशासाठी?

ट्रकचा समावेश करायचा झाल्यास एक प्रश्न मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे आणि तो ‘मूळ रूपा’चा आहे. मोटार कारखान्यातून बाहेर पडते ती पूर्ण होऊनच. त्या काळच्या ट्रकचे तसे नव्हते. कुर्ल्याहून, जमशेदपूरहून किंवा मद्रासजवळच्या एन्नोरहून गाडी निघे ती बहुधा चेसिस, इंजिन आणि बॉनेट एवढ्याच रूपात. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला उपरणे गुंडाळून, ऊनवारा अंगावर घेत ती शेकडो मैल हाकत आपल्या गावी आणी, आणि मग तेथील सुतार-लोहार तिच्यावर केबिन, माल भरायचा हौदा, त्याच्या कडेच्या फळ्या म्हणजे फाळके, आणि वरचा टप चढवीत. (१ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मध्यम व अवजड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, हे वाचून त्या खोक्यावर बसलेल्या ड्रायव्हरांना काय वाटले असते, असा विचार मनात येतो.) त्यामुळे एकाच साली एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रक, एक सोलापुरात आणि दुसरा इंदुरात बांधला गेला, तर ते शेजारी उभे करूनही भाऊ वाटत नसत. मूळ रूप म्हणजे कारखान्याचे रूप, ही मोटारीची व्याख्या येथे लागूच पडत नाही. चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि कमानपाटे कंपनीचे असावेत हा आग्रह योग्यच आहे, आणि माझ्या गाडीतील पर्किन्सच्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी बाजारात न मिळणारी गास्केटे हाताने कापून का होईना, मी तो पाळला आहे. हौदा आणि रंग यांच्या बाबतीत मात्र गावातील कारागिराचे काम हेच मूळ धरावे लागेल.

रंगाचे महत्त्व मला गाडी खरवडताना कळले. वरचा पिवळा थर काढल्यावर खाली वाळलेल्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी किनार लागली. हा नॅशनल परमिटच्या गाड्यांना नियमाने द्यावा लागणारा रंग. म्हणजे गाडी मध्यंतरी कधी तरी परराज्यात धावू लागली असली पाहिजे. त्याखाली हिरवा रंग आणि त्यावर छाया दिलेल्या पांढऱ्या अक्षरांत ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ अशी ओळ निघाली, आणि बाजूच्या फाळक्यावर सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या सात नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, चित्रांपैकी पाच ओळखता येतील अशी उरली होती. मालकाची भरभराट, परमिटचा कायदा आणि पेंटरचा हात हे सगळे अशा रीतीने तीन थरांत जमा झालेले होते. ती अक्षरे आम्ही आधी कागदावर उतरवून घेतली आणि मगच रंग पुढे खरवडला.

पेंटर मिळायला सव्वा वर्ष लागले. आता सर्वत्र रेडियमच्या पट्ट्या आणि छापील स्टिकर चालतात. ब्रशने अक्षर काढणारे हात शहरात मोजकेच उरले आहेत. आम्हाला भेटलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे असून, मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही लिप्या त्याच सफाईने लिहितात, कारण सोलापुरातून निघणारी गाडी विजापूरलाही जाई आणि हैदराबादलाही. एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी कामाला साफ नकार दिला. आपल्याकडच्या उन्हात एनॅमल पसरण्याआधीच सुकते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो, असे त्यांचे म्हणणे. काम दिवाळीनंतर, सकाळी दहाच्या आत, धूळ बसावी म्हणून जमीन ओली करून चालले. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात रंगासाठी जमिनीवर पाणी ओतणे शेजाऱ्यांना रुचले नाही, हेही नमूद करतो. शेवटी पाहुण्यांची आंघोळ झाल्यावर उरलेले पाणी आम्ही वापरले.

ज्यांना ही हौस करायची आहे त्यांच्यासाठी एक सूचना येथेच देतो. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. म्हणून जुना थर कोरडा घासू नये, पाणी लावून पॉलिश पेपर चालवावा, मास्क वापरावा आणि मुलांना लांब ठेवावे.

अलीकडे काही हौशी मंडळी जुन्या गाड्यांवर धातूसारखे चमकणारे रंग आणि आगीच्या ज्वाळांची चित्रे काढून घेतात. गाडी ज्याची, मर्जी त्याची; रंग बदलल्याची नोंद नोंदणी पुस्तकात करून घेतली की झाले. मला स्वतःला त्या ज्वाळा रुचत नाहीत. आपल्या मनासारखे रंगवायचेच, तर कमळे, मोर आणि नंदीध्वज काढू शकणारा माणूस हाताशी असताना परदेशी चित्रांची नक्कल कशाला, असे वाटते. ‘हॉर्न ओके प्लीज’ या ओळीचा प्रश्न तेवढा आमच्यापुढे राहिला. महाराष्ट्रात ती लिहिण्यास २०१५ मध्ये मनाई झाली असल्याने ती फाळक्यावर न लिहिता एका सुट्या फळीवर लिहून घेतली आहे. ती फळी शेडच्या भिंतीवर टांगलेली असते.

सरकारच्या जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. काळा धूर ओकणारे आणि ब्रेकचा भरवसा नसलेले ट्रक रस्त्यावरून गेलेच पाहिजेत, आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळत असेल तर धंदेवाईक मालकाने ती जरूर घ्यावी. प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या, माल न वाहणाऱ्या मूठभर गाड्यांचा आहे. व्हिंटेज वाहनांच्या व्याख्येत ‘एन’ गटातील वाहनांचा समावेश करावा, धंद्यासाठी वापर करण्यास पूर्ण बंदी ठेवावी आणि ‘मूळ रूप’ ठरवताना गावात बांधलेला हौदा व हाताने केलेले रंगकाम ग्राह्य धरावे, एवढी दुरुस्ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने करावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. आपल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ती पुढे न्यावी. ज्या वाचकांकडे जुने फार्गो, डॉज, बेडफर्ड किंवा टाटा-मर्सिडीज ट्रक असतील, त्यांनी निदान पुढच्या रंगाआधी खालची अक्षरे कागदावर उतरवून ठेवावीत.

दुरुस्ती होईपर्यंत आमचा फार्गो ठोकळ्यांवरच उभा राहील. इंजिन मात्र दर रविवारी दहा मिनिटे चालू करतो.

आपला,
एक वाचक
शेळगी, सोलापूर