शॉर्ट सर्किट नव्हे, जॉइंट

संपादक महोदय, 
गाडी पेटल्याची बातमी आली की त्यात एक ओळ ठरलेलीच, ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’. मी २०-२२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि ही ओळ वाचली की वाटतं, अहो शॉर्ट झालं ते शेवटी, त्याच्या आधी बऱ्याचदा कुणीतरी वायर सोलून जॉइंट मारलेला असतो.

होतं काय, नवीन गाडी घेतली की आठवड्यात जादा लाइट पाहिजेत, मग हेडलाइटची वायर सोलायची, त्याला दुसरी वायर पिळायची, वर काळी टेप, झालं काम. वायर कमी पडली तर घरातली उरलेली कुठलीतरी. आता हिशेब बघा, १०० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर ओढतात आणि कंपनीची वायर असते ५५-६० वॅटच्या बल्बच्या हिशेबाची. त्यात पिळलेला जॉइंट हादऱ्यानं सैल होतो, टेपचा गोंद बॉनेटखालच्या गरमीनं सुटतो आणि सैल जॉइंट तापायला लागतो. पण फ्यूज उडत नाही! कारण जॉइंट सैल झाला म्हणून करंट वाढत नाही, तापतोय फक्त जॉइंट. प्लॅस्टिक वितळून उघडी तार बॉडीला टेकते तेव्हा कुठं शॉर्ट.

सोल्डर केलं, म्हणजे कथील वितळवून जोडलं, की पक्कं असंही नाही हां, सोल्डर तारांत शिरून तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यानं त्याच्या कडेलाच वायर तुटते, सुरुवातीला मीपण हेच करायचो. आता त्याच जाडीची तांब्याची वायर, मापाचं स्लीव्ह (धातूची छोटी नळी) क्रिम्पिंगच्या पक्कडीनं दाबायचं (साध्या पक्कडीनं नाही), वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, आणि चार वायरी असतील तर जॉइंट शेजारीशेजारी न आणता मागेपुढे. जादा लाइटला बॅटरीवरून वेगळी लाइन, मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज बॅटरीजवळच. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला तर मी हातच लावत नाही. म्युझिक सिस्टीमला कपलर, म्हणजे नुसते खोचून जोडायचे तयार प्लग, मिळतात, त्यासाठी वायर कापायची गरजच नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, पलीकडचा निम्म्यात करतो. करतो खरा, पण तीच गाडी पावसाळ्यात माझ्याकडं येते आणि टेप काढली की आत तांबं हिरवं पडलेलं.

तर पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहरांना एवढं विचारायला सांगा, गाडीत बाहेरून काय काय बसवलं होतं.

एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा