सदाला पत्र : आमचा बँड बिदागी का घेत नाही

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ‘एवढी तालीम करता, मग स्पर्धेत का उतरत नाही, बिदागी का घेत नाही?’ तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बँडचा धंदा, तेव्हा तू हे विचारणारच. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचा बँड मुक्तिफौजेचा, म्हणजे ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेचा. असे बँड जन्मालाच आले रस्त्यावर. १८७८ साली इंग्लंडातल्या सॉल्झबरी गावात मुक्तिफौजेच्या उघड्यावरच्या सभा गुंड उधळून लावायचे. चार्ल्स फ्राय हे तिथले बांधकाम व्यावसायिक. आपल्या तीन मुलांना घेऊन ते सभेच्या राखणीला उभे राहिले. बापलेक चौघेही वाजवणारे, म्हणून वाद्यं बरोबर घेऊनच आले : दोन कॉर्नेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम, सगळी फुंकून वाजवायची पितळी वाद्यं. झालं असं, की दंग्याच्या आवाजावरून गाणं पलीकडे पोचायला लागलं. आपल्याला हाकलतील म्हणून जी माणसं चर्चची पायरी कधी चढली नव्हती, दारूच्या गुत्त्यातून जी बाहेर पडत नव्हती, ती दारात येऊन ऐकू लागली. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी हे हेरलं आणि १८८० मध्ये सगळीकडे सांगून टाकलं, ज्याच्याकडे जे वाद्य असेल ते बाहेर काढा. फ्राय कुटुंबाने तर धंदा विकून या कामाला पूर्णवेळ वाहून घेतलं.

पितळी वाद्यंच का, हे तुला मी काय सांगावं! ऊन-पाऊस सोसतात, आवाज लांब जातो. पण आणखी एक गोष्ट आहे. कॉर्नेटपासून मोठ्या बासपर्यंत बहुतेक सगळ्यांना तीनच कळा, आणि नोटेशन असं लिहिलेलं की त्याच खुणेला प्रत्येक वाद्यावर तीच बोटं पडतात. बासवाला कमी पडला तर हॉर्नवाला ते वाद्य अंगावर घेतो. ओठांची ठेवण आणि दम तेवढा बदलावा लागतो. कधी वाद्य हातात न धरलेल्या कामगारांचे बँड गावोगावी इतक्या झपाट्याने उभे राहिले ते यामुळे. १८७९ मध्येच कॉन्सेट या लोखंडाच्या कारखान्याच्या गावात मुक्तिफौजेच्या तिथल्या मंडळीचा स्वतःचा बँड निघाला होता.

आता मुंबईचं ऐक. १९ सप्टेंबर १८८२ ला मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर तीन सोबत्यांसह मुंबईत उतरले. हा माणूस पंजाबातली बड्या हुद्द्याची सरकारी नोकरी सोडून आलेला. गात-वाजवत मिरवणूक काढली तर दंगा होईल म्हणून पोलिसांनी बंदी घातली. त्यांनी ती मानली नाही. मग अटक, दंड, आणि पुढे टकरना तुरुंगवाससुद्धा. तिकडे कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांची बाजू घेतली. ख्रिस्ती नसलेला माणूस, पण अन्याय ओळखला. मुंबईच्या रस्त्यांवरून वराती वाजतगाजत जायच्याच, बँडची सवय त्या शहराला होतीच. सरकारला खुपली ती वाजवणाऱ्यांची तळमळ, असं माझं मत आहे. टकरनी हिंदी पेहराव केला, अनवाणी फिरले, फकीरसिंग हे नाव घेतलं. आपलं नगरचं बूथ हॉस्पिटल याच मुक्तिफौजेचं. विल्यम बूथ यांची मुलगी इव्हँजेलीन, तिचं नाव त्याला दिलंय.

आमची तालीम बघायला तू एकदा यायलाच हवं. माझ्याकडे टेनर हॉर्न आहे, तोही दुसरा. म्हणजे मुख्य सूर माझ्या वाट्याला जवळजवळ येतच नाही, मधली भरणी करायची. एखादं गीत बसवायचं असलं की आमचे बँडमास्टर आधी वाद्य खाली ठेवायला सांगतात आणि त्याचं कडवं मोठ्याने वाचतात. वादकाच्या कागदावर शब्द नसतात ना, नुसते सूर. ते म्हणतात, श्वास घ्यायचा तो वाक्य पुरं होईल तिथे. आणि खरंच सांगतो सदा, शब्द डोक्यात ठेवून वाजवलं की तोच तुकडा वेगळा वाजतो. मधेच श्वास तोडला की ऐकणाऱ्याला कडव्याचा अर्थ तुटल्यासारखा होतो. तुमच्याकडे काका सनईवाल्याला ‘गाऊन दाखव, मग वाजव’ म्हणायचे, ते मला दर वेळी आठवतं.

नाताळाच्या आधी आम्ही शनिवारी बाजारपेठेत उभे राहतो. थंडीत कळा अडकतात. मुखनळी खिशात ठेवून गरम करावी लागते, नाहीतर ओठाला चटका बसल्यासारखं होतं. डब्यात पडलेले पैसे बेघरांची वसतिगृहं, जेवणं अशा कामांना जातात. एक बाई पिशव्या खाली ठेवून, डोळे मिटून सबंध गीत ऐकत उभ्या राहिल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यांच्यासाठीच आम्ही तिथे असतो. स्पर्धेत परीक्षक ऐकतो. आम्हाला ऐकायला यावा तो वाटसरू. बिदागी घेतली तर ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या दारात कसं वाजवणार?

या कामात माणसं जिवानिशी गेलीत, हेही तुला ठाऊक असावं. २९ मे १९१४ ला ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ हे जहाज कॅनडात सेंट लॉरेन्स नदीत दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडालं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. हजारावर माणसं गेली. लंडनच्या महासभेला निघालेला मुक्तिफौजेचा कॅनडातला मुख्य बँड त्यात होता. बहुतेक वादक बुडाले. तो बँड पुन्हा उभा राहायला १९६९ साल उजाडलं. टोरंटोच्या माउंट प्लेझंट दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. कधीतरी तिथे जाऊन यायचं मनात आहे.

छोटीला कॉर्नेट शिकायचाय म्हणतोस ते वाचून फार आनंद झाला. नवा घेऊ नकोस, चांगला जुना बघ; कळा सरळ वरखाली होतात ना, तेवढं तू स्वतः तपास. सुरुवातीला चाली नकोत. रोज थोडा वेळ एकेक सूर लांब धरायचा, गाल फुगवायचे नाहीत. आणि काकांना सांग, तिला समोर बसवून आधी गाऊन घ्या. तिच्या ओठांना कोणतं माप बसतं ते कळव, इथून कोणी येणारं असलं तर मुखनळी पाठवतो.

काकूंना माझा नमस्कार, वहिनींना सलाम.

तुझा,
विनू