मंत्रिमहोदय, नेपाळच्या सुनेचा व्हिसा मी कुठून आणू?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: नेपाळी नागरिक असलेल्या माझ्या सुनेचा शिकाऊ परवान्याचा अर्ज व्हिसा नसल्याच्या कारणाने नामंजूर झाल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मागच्या मंगळवारी दुपारी माझ्या सुनेच्या मोबाइलवर मेसेज आला. लर्निंग लायसन्सचा अर्ज नामंजूर. कारण म्हणून एवढंच लिहिलेलं, की व्हिसा जोडलेला नाही. माझी सून नेपाळमधल्या बुटवलची आहे. नेपाळच्या माणसाला भारतात यायला आणि राहायला व्हिसा लागत नाही, आणि जो लागत नाही तो कुठलं सरकार देतही नाही. ही गोष्ट आम्ही संबंधित कार्यालयात तोंडी सांगितली होती, लेखी दिली होती, कागद जोडून दिली होती. एका जाहीर तक्रार निवारण बैठकीत जबाबदार अधिकाऱ्याने पन्नास लोकांदेखत शब्द दिला होता, "काका, वरून मार्गदर्शन मागवतो, पंधरा दिवसांत तुमचं काम होईल." ते पंधरा दिवस उलटून महिने गेले आणि उत्तर आलं ते हे.

कार्यालयाचं आणि त्या अधिकाऱ्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की खिडकीवरच्या एखाद्या माणसाला कारणे दाखवा नोटीस जाईल, त्याची बदली होईल आणि अर्जातला व्हिसाचा रकाना होता तिथेच राहील. मला तो रकाना बदलून हवा आहे.

माझी ओळख सांगतो. मी नाशिक रोडच्या प्रेसमधला निवृत्त कामगार. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. भारताचे पासपोर्ट तिथे छापले जातात, व्हिसाचे स्टिकरही तिथलेच. कोणत्या देशाच्या माणसाला काय लागतं आणि काय लागत नाही, एवढं समजण्याइतकी अक्कल त्या नोकरीने मला दिली आहे. त्या माणसाला तुमच्या खात्यातला तरुण लिपिक खिडकीच्या आतून सांगतो, "आजोबा, परदेशी माणसाला व्हिसा लागतोच, तुम्हाला माहीत नसेल."

मला माहीत आहे, साहेब. 31 जुलै 1950 रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार, येणं-जाणं यांत समान सवलती द्यायचं दोन्ही देशांनी कबूल केलं आहे. आत्ता सप्टेंबर 2025 मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा देशात लागू झाला, तेव्हाही नेपाळ आणि भूतानच्या लोकांची ही सूट केंद्र सरकारने कायम ठेवली. माझी सून लग्नानंतर सोनौलीची सीमा ओलांडून गोरखपूरला आली आणि तिथून रेल्वेने नाशिक रोडला उतरली. सीमेवर तिला कुणी व्हिसा विचारला नाही. तो जेल रोडपासून काही किलोमीटरवर, तुमच्या खिडकीत विचारला गेला.

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करायला त्यात नागरिकत्वाची अट नाही. वय, तब्येत आणि परीक्षा यांच्या अटी आहेत. 1989 च्या केंद्रीय नियमांत वयाच्या आणि पत्त्याच्या पुराव्यांची यादी आहे, तिच्यात पासपोर्ट आहे. सुनेकडे नेपाळचा पासपोर्ट आहे, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे, नाशिकमध्ये नोंदवलेल्या लग्नाचा दाखला आहे आणि आमच्या पत्त्यावरचं आधार कार्डही आहे. बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसाला आधार मिळतं आणि नेपाळच्या लोकांचं आधार दहा वर्षं चालतं, हा केंद्राचाच नियम. खिडकीवर ते आधार दाखवलं तर उत्तर मिळालं, "आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे." अहो, पण नागरिकत्व मागतंय कोण? आम्ही परीक्षेला बसू द्या म्हणतोय!

याच कायद्याचं कलम 17 तुमच्या अधिकाऱ्यांनी एकदा तरी वाचावं. परवाना नाकारायचा असेल तर कारणांसह लेखी आदेश अर्जदाराला द्यायचा, आणि त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. आम्हाला आदेश मिळालेला नाही. मोबाइलवर एक ओळ मिळाली, खाली ना नाव ना हुद्दा. त्या ओळीविरुद्ध मी कुणाकडे अपील करू?

मधल्या काळात काय झालं तेही ऐका. लिपिक म्हणाला, व्हिसा नसेल तर परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस शाखेचं पत्र आणा. तिथे गेलो. तिथले हवालदार सज्जन होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, नेपाळच्या लोकांची आमच्याकडे नोंदच होत नाही, मग पत्र कसलं देऊ?" हेच लिहून द्या म्हटलं, तर तसं लिहून द्यायची पद्धत नाही. परत खिडकीवर आलो तर पत्राशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. साहेब मीटिंगला. सर्व्हर डाऊन. शेवटी एकाने तोडगा काढला की आधी भारताचं नागरिकत्व घ्या, मग या. नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयाशी लग्न केलेल्या व्यक्तीला नोंदणीचा अर्ज करण्याआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. लग्नाला तीन वर्षं झाली आहेत. म्हणजे आणखी चार वर्षं थांबायचं, त्यानंतर अर्ज, त्यानंतर दिल्लीचा निर्णय, आणि मग कुठे स्कूटर चालवायची परीक्षा?

या सगळ्यात जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती वेगळीच आहे. एकदा सूनबाई एकटीच गेली होती. मला दवाखान्यात थांबणं भाग होतं. खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठल्या वॉचमनची बायको तू?" मागच्या रांगेतले लोक हसले. ती कागद गोळा करून घरी आली आणि आम्हाला काही बोलली नाही. दोन दिवसांनी मुलाकडून कळलं. मंत्रिमहोदय, ती पदवीधर आहे, दोह्याला एका कंपनीत हिशेबाचं काम करत होती, तिथेच माझ्या मुलाची तिच्याशी ओळख झाली. पण हे मी का सांगू? ती वॉचमनची बायको असती तर तिला एकेरीत हाक मारायचा अधिकार त्या माणसाला मिळाला असता का? नाशिकमधल्या कितीतरी सोसायट्यांची दारं रात्रभर नेपाळची माणसं राखतात. भारतीय लष्कराच्या गोरखा रेजिमेंटमध्ये नेपाळचे नागरिक आजही आपल्या सीमेवर बंदूक घेऊन उभे आहेत. त्यांच्या हातात देशाने रायफल दिली, आणि त्यांच्या गावच्या मुलीच्या हातात स्कूटरचं हँडल द्यायला तुमच्या खात्याला भीती वाटते?

तिला गाडी शिकायची नाही, गाडी तिला येते. तिच्याकडे नेपाळचं कार आणि स्कूटर दोन्हींचं लायसन्स आहे. तिकडच्या ट्रायलमध्ये दुचाकीवर आठाचा आकडा पाय न टेकता काढावा लागतो. बुटवलहून पोखऱ्याला जाणाऱ्या सिद्धार्थ राजमार्गावर तिने स्वतः कार चालवली आहे. ती वळणं मी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्यापुढे आपला कसारा घाट सरळ वाटतो. नेपाळमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. तरीही तिने कुठलीही सूट मागितलेली नाही. संगणकावरचे 15 प्रश्न विचारा, 9 बरोबर आले नाहीत तर नापास करा. तीस दिवस थांबवा. मग मैदानात गाडी चालवायला लावा, चुकली तर परत पाठवा. लर्निंगची फी 150 रुपये आणि परीक्षेची 50, ते आम्ही कधीच भरले आहेत.

आता आमच्या घरचं. माझ्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मला काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटल्यावर मी त्याच दिवशी किल्ली ठेवून दिली, कारण रस्त्यावर दुसऱ्याची मुलंबाळं असतात. मुलगा सिन्नरला कंपनीत शिफ्टमध्ये. घरात गाडी चालवू शकणारं माणूस एकच आणि तिला तुमच्या खात्याने घरी बसवलेलं. कार पार्किंगमध्ये धूळ खाते आहे. डायलिसिस झाल्यावर पत्नीला उभं राहवत नाही. मुंबई नाक्यावरून रिक्षा मिळवायची, भाड्यावरून हुज्जत घालायची आणि द्वारका सर्कलच्या कोंडीत, उन्हात, एका बाजूला मान टाकून बसलेल्या बायकोकडे बघत राहायचं. मागच्या महिन्यात तिला अशीच रिक्षात चक्कर आली. सूनबाई शेजारी होती. तिने पाणी पाजलं, पाठ धरून ठेवली आणि मला म्हणाली, "बाबा, मी गाडी आणली असती तर आईंना मागच्या सीटवर झोपवता आलं असतं." मी तिला काय उत्तर द्यायचं, ते आपण मला कळवा.

लोक सल्ला देतात की चालवू दे तिला तशीच, विचारतंय कोण. मी नाही म्हणतो. विनालायसन्स गाडी चालवली तर कलम 181 खाली 5,000 रुपये दंड, आणि गाडी माझ्या नावावर म्हणून कलम 180 खाली मीही गुन्हेगार. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार. आणि दंड नसता तरी मी हे होऊ दिलं नसतं. मी आयुष्यभर अशा कारखान्यात काम केलं जिथे एक कागद इकडचा तिकडे झाला तरी चौकशी बसायची.

दुसरा सल्ला एजंटचा. कार्यालयाबाहेरच्या टपरीवर एकाने स्वतःहून गाठलं. पाच आकडी रक्कम सांगितली आणि म्हणाला, दुसऱ्या जिल्ह्यातून काढून देतो, परीक्षेलासुद्धा यायची गरज नाही. म्हणजे सरळ मार्गाने व्हिसा आडवा येतो आणि पैसे मोजले की व्हिसाही लागत नाही, परीक्षाही लागत नाही, गाडी येते का हेही कुणी बघत नाही! देशातली सुमारे 30 टक्के लायसन्सं बोगस आहेत असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. ही माणसं काय नेपाळच्या सुनांनी मारली? गंगापूर रोडवर आणि कॉलेज रोडवर संध्याकाळी शाळेतली पोरं तिघं-तिघं बसून गाड्या उडवतात, त्यांना कुणी अडवत नाही. जी बाई परीक्षा घ्या म्हणून दारात उभी आहे तिलाच तेवढं अडवायचं, हा कुठला न्याय?

जून 2021 मध्ये शासनाने मोठा कार्यक्रम करून जाहीर केलं की लर्निंग लायसन्स आता आधारवर घरबसल्या मिळेल. आम्ही पहिला प्रयत्न त्याच मार्गाने केला. आधार टाकल्यावर अर्ज पुढे सरकेना. फोन केला तर कार्यालयात जा, कार्यालयात गेलो तर ऑनलाइन भरा. पूर्वी साहेबासमोर उभं राहून बाजू तरी मांडता यायची. आता साहेबच म्हणतात, "मला पटतंय हो, पण सिस्टीम घेत नाही." कायदा विधिमंडळात आणि संसदेत होतो असं आम्ही शाळेत शिकलो. मग ही सिस्टीम कुठल्या सभागृहाने मंजूर केली? तिच्यात रकाना टाकणारा माणूस कोण, आणि संसदेच्या कायद्यापेक्षा त्याचा शब्द मोठा कसा झाला? रेशनपासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत हेच चाललंय. बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून म्हातारी माणसं उपाशी परत जातात आणि समोरचा माणूस मान डोलावून सिस्टीमकडे बोट दाखवतो.

याच राज्य सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. महाराष्ट्रातून 10,000 कुशल तरुण तिकडे पाठवायचे, त्यांत वाहनचालकही आहेत. आपल्या मुलांचं लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यावर सहा महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन तिथलं घ्यावं लागतं. नियम कडक आहे, पण नियम आहे. परक्या मुलालाही तो वाचता येतो आणि त्याप्रमाणे परीक्षेला बसता येतं. आपल्या मुलांना तिकडे असं वागवलं जावं ही आपली अपेक्षा असेल, तर इथे सून म्हणून आलेल्या मुलीला आपण काय देतो? सिंहस्थ तोंडावर आला आहे. नेपाळमधूनही भाविक गोदावरीवर येतील आणि व्यासपीठावरून त्यांच्या स्वागताची भाषणं होतील. त्या व्यासपीठावर जाण्याआधी माझ्या घरी या आणि माझ्या सुनेशी बोला.

माझी मागणी लांबलचक नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांसाठी व्हिसाची सक्ती राहणार नाही, पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा पुरेल, असं परिपत्रक परिवहन आयुक्तांकडून सर्व कार्यालयांना काढा आणि पोर्टलवर तशी सोय करून घ्या. केंद्राची परवानगी लागत असेल तर केंद्राला पत्र पाठवा आणि त्याची प्रत मला द्या. तोपर्यंत माझ्या सुनेचा अर्ज हाताने स्वीकारून तिची परीक्षा घ्या. यातलं काहीच जमणार नसेल, तर कलम 17 प्रमाणे कारणांसह, सही-शिक्क्याचा नकार द्या. लोकसेवा हक्क कायदा याच राज्याने 2015 मध्ये केला. त्यातही अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी नोंदवावं लागतं. त्या कायद्याखालचं अपील मी तयार ठेवलं आहे. या पत्राला महिन्याभरात उत्तर आलं नाही तर ते दाखल करीन, आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात जाईन. पेन्शन त्यासाठी वापरायला घरातल्या सगळ्यांची संमती आहे.

आणि खिडकीवरच्या त्या माणसाने माझ्या सुनेची माफी मागावी. त्याची नोकरी जावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्याने तिला "ताई" म्हणून, त्याच रांगेसमोर, माफी मागावी.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेल रोड, नाशिक रोड